बी.एस्सी.साठी घराजवळचं कॉलेज कसं निवडायचं

बी.एस्सी.ला जाणाऱ्या मुलामुलींच्या घरी कॉलेजचा प्रश्न बहुधा "जवळचं बघू" एवढ्यावर मिटतो. त्यात काही वावगं नाही. खोलीभाडं आणि मेसचे पैसे वाचतात, आजारपणात घर हाताशी असतं आणि पदवी शेवटी त्याच विद्यापीठाची मिळते. पण विज्ञानाच्या पदवीचा निम्मा जीव प्रयोगशाळेत असतो. तुमचा विषय तिथे तिसऱ्या वर्षापर्यंत खरोखर चालतो का, प्रयोग हाताने करायला मिळतात का आणि दुपारचं प्रॅक्टिकल संपल्यावर घरी जायला गाडी आहे का, हे न बघता फी भरली तर चूक दुसऱ्या वर्षी कळते आणि तोवर दुरुस्तीला उशीर झालेला असतो. खालची माहिती महाराष्ट्रातल्या नेहमीच्या बी.एस्सी.साठी आहे. नर्सिंग, कृषी, फार्मसी यांचे नियम वेगळे आहेत, ते इथे धरलेले नाहीत.

पदवी कोण देणार?

आपल्याकडे "जवळचं विद्यापीठ" म्हणजे प्रत्यक्षात जवळचं संलग्नित कॉलेज. शिकायचं कॉलेजात, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. कुठलं विद्यापीठ, हे जिल्ह्यावरून ठरतं. पुणे, अहिल्यानगर, नाशिक हे जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा शिवाजी विद्यापीठाकडे. सोलापूर जिल्ह्याला २००४ पासून स्वतःचं विद्यापीठ आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात येतात. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव एकीकडे आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली दुसरीकडे. विदर्भात अमरावती, नागपूर आणि २०११ मध्ये झालेलं गडचिरोलीचं गोंडवाना अशी वाटणी आहे. मुंबई विद्यापीठाचा पसारा पालघरपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत जातो, म्हणजे सावंतवाडीच्या मुलीचं कॉलेज घराजवळ असू शकतं, विद्यापीठ मात्र कलिन्याला.

हद्दीवर राहणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. फलटण सातारा जिल्ह्यात, बारामती पुणे जिल्ह्यात. दोन्ही गावं एकमेकांच्या जवळ, पण विद्यापीठं वेगळी. हद्द ओलांडून प्रवेश घ्यायला हरकत नाही. अडचण येते ती मध्येच कॉलेज बदलायची वेळ आली तर. एकाच विद्यापीठातल्या एका संलग्नित कॉलेजातून दुसऱ्यात जाणं तुलनेने सोपं असतं. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन (स्थलांतराचा दाखला), पात्रता प्रमाणपत्र आणि झालेल्या विषयांची क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, नव्या अभ्यासक्रमाशी जुळवणं हे सगळं मागे लागतं. ही क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांचं ऑनलाइन खातं) जमा असली, तरी ती कुठल्या विषयाच्या बदल्यात धरायची हे नवं विद्यापीठच ठरवतं.

स्वायत्त कॉलेज हा वेगळा प्रकार. अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल कॉलेजचे स्वतःचे, पदवी मूळ विद्यापीठाची. चांगल्या स्वायत्त कॉलेजात निकाल वेळेवर लागतात आणि अभ्यासक्रम लवकर बदलतो. कमकुवत कॉलेजात तोच शिक्षक शिकवतो, पेपर काढतो आणि तपासतो, त्यामुळे गुण भरपूर मिळतात आणि पुढच्या प्रवेश परीक्षेत फटका बसतो. म्हणून स्वायत्त कॉलेजच्या नुसत्या निकालाच्या टक्केवारीवर जाऊ नये. काही जुनी कॉलेजं आता समूह विद्यापीठांत, म्हणजे मोजकी कॉलेजं मिळून झालेल्या विद्यापीठांत, गेली आहेत: मुंबईचं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आणि साताऱ्याचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात. तिथली पदवी त्या नव्या विद्यापीठाच्या नावाने मिळते, हे माहीत असू द्या.

खासगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. तेव्हा तालुक्याच्या गावी कुणी "अमुक विद्यापीठाचं सेंटर" म्हणून बी.एस्सी.ची जाहिरात करत असेल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर ते विद्यापीठ आणि त्याचं मान्य केंद्र तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

"जवळ" किलोमीटरमध्ये मोजू नका

नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्नित कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात. समजा एका सत्रात २२ क्रेडिट आहेत, त्यांतली १४ थिअरीची आणि ८ प्रॅक्टिकलची. म्हणजे २१० आणि २४० मिळून ४५० तास. १५ आठवड्यांत वाटले की आठवड्याला ३० तास कॉलेज. आता घरापासून कॉलेजपर्यंत एका बाजूला सव्वा तास लागत असेल, तर सहा दिवसांचे १५ तास नुसत्या प्रवासात जातात, म्हणजे शिकण्याच्या निम्मे. जर्नल, असाइनमेंट आणि अभ्यास उरलेल्या वेळात बसवायचा.

ढोबळ हिशेब असा धरावा: एका बाजूला पाऊण तासापर्यंत चिंता नाही. दीड तासापर्यंत एकाच गाडीने, बसायला जागा मिळत असेल तर निभतं. दीड तासाच्या वर गेलं, किंवा दोनदा गाडी बदलावी लागली, तर ते कॉलेज "घराजवळचं" धरू नका. त्यापेक्षा थोडं लांबचं चांगलं कॉलेज आणि वसतिगृह यांची तुलना करणं शहाणपणाचं.

खरी अडचण जाण्याची नसते, येण्याची असते. बऱ्याच कॉलेजांत थिअरी सकाळी आणि प्रॅक्टिकल दुपारी ठेवतात. प्रॅक्टिकलचं सत्र तीन-चार तासांचं असतं आणि ते घड्याळाच्या काट्यावर संपत नाही. रसायनशास्त्रात अवक्षेप वाळायचा असतो, सूक्ष्मजीवशास्त्रात प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी मोजायला यावं लागतं. शेवटची एसटी साडेपाचची असेल तर विद्यार्थी पावणेपाचलाच आवरायला लागतो आणि शेवटचं रीडिंग शेजाऱ्याचं उतरवतो. वर्षभर असं झालं की हात तयार होत नाही. म्हणून विभागात जाऊन मागच्या वर्षीचं प्रॅक्टिकलचं वेळापत्रक मागा आणि ते आगाराच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. प्रवासाची चाचणी रविवारी मोटारसायकलवर करू नका. कामाच्या दिवशी, कॉलेजच्या वेळेत, ज्या वाहनाने रोज जायचं त्याच वाहनाने करा. पावसाळ्यात पूल किंवा घाट बंद होत असेल तर तेही हिशेबात धरा; पहिलं सत्र नेमकं पावसात येतं.

एसटीच्या विद्यार्थी मासिक पासला भाड्यात साधारण दोन-तृतीयांश सवलत आहे, त्यासाठी कॉलेजचा दाखला लागतो. रेल्वेच्या मासिक आणि त्रैमासिक पासलाही विद्यार्थी सवलत मिळते, तिचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून घ्यायचा.

नाव कॉलेजचं, पण निवड विभागाची

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: कॉलेज निवडू नका, तुम्हाला हव्या असलेल्या विषयाचा तिसऱ्या वर्षाचा विभाग निवडा. पन्नास वर्षं जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात भौतिकशास्त्राचा विभाग दोन शिक्षकांवर तगलेला असू शकतो आणि आडबाजूच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा विभाग उत्तम असू शकतो.

नव्या आराखड्यात एक मेजर (मुख्य) आणि एक मायनर (दुय्यम) विषय असतो. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन मेजर पुढे ठरवतात, काही ठिकाणी तो सुरुवातीपासून ठरलेला असतो. दोन्हीकडे फसगत एकाच जागी होते. प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रकात आठ विषय छापलेले असतात. तिसऱ्या वर्षी मात्र "संख्या भरली नाही" म्हणून भौतिकशास्त्र, गणित किंवा वनस्पतिशास्त्राचा वर्ग चालतच नाही आणि सगळ्यांना रसायनशास्त्राकडे वळवतात, कारण कंपन्यांत नोकरी मिळते या समजुतीने तिथे गर्दी असतेच. म्हणून विचारायचं ते "हा विषय आहे का" असं नाही. विचारायचं असं: "मागच्या दोन वर्षांत टी.वाय.ला या विषयाची किती मुलं होती?" उत्तर पाचच्या खाली आलं तर दुसरा पर्याय हाताशी ठेवा.

नवं कॉलेज असेल तर "नैसर्गिक वाढ" हा शब्द कानावर पडेल. पहिल्या वर्षाची मान्यता मिळाली आहे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे वर्ग पुढे नैसर्गिक वाढीने सुरू होतील, असा त्याचा अर्थ. ते बहुधा सुरूही होतात, पण पहिली बॅच नेहमी अपुऱ्या साहित्यावर निघते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्नित कॉलेजांची विषयवार यादी असते. कॉलेजचं नाव असणं पुरेसं नाही, विषय आणि वर्ग दोन्ही त्यात आहेत का ते बघा.

मग शिक्षक. "स्टाफ किती" असं विचारलं की सगळ्यांची बेरीज सांगतात. कायमस्वरूपी किती आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांच्या हिशेबाने नेमलेले, किती, असं वेगळं विचारा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट शिकवतात असं मुळीच नाही. अनेकदा तेच सगळ्यात मन लावून शिकवतात. पण त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, ती सत्र सुरू झाल्यावर उशिरा होते आणि तोपर्यंत तास रिकामे जातात. विभागात किमान दोन कायमचे शिक्षक असतील तर विभाग उभा राहतो.

हे सगळं विचारायला संकोच वाटत असेल, तर घरबसल्या निम्मं कळतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपण दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती पीडीएफ उघडा. क्रमांकाकडे बघू नका, शेवटची शिक्षकांची यादी बघा: नाव, पात्रता, अनुभव आणि नेमणूक नियमित की तात्पुरती. त्याआधीच्या तक्त्यात किती मुलं प्रवेशली, किती ठरलेल्या वर्षांत उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली आणि किती पुढच्या शिक्षणाला गेली, हे आकडे असतात. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी निम्मेसुद्धा वेळेत बाहेर पडत नसतील, तर कारण विचारा. काही वेळा ती नीटची पुन्हा तयारी करताना नावापुरता प्रवेश घेतलेली मुलं असतात, त्यामुळे आकडा वाईट दिसतो. काही वेळा कारण खरोखर वाईट असतं.

लॅब बघायची ती चालू असताना

मे-जूनमध्ये कॉलेज बघायला गेलात तर तुम्हाला ऑफिसची खिडकी आणि कुलूप लावलेली लॅब दिसेल. त्यामुळे बारावीच्या वर्षातच, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, प्रॅक्टिकल चालू असतील अशा दिवशी एक चक्कर मारा. विभागप्रमुखांना आधी भेटून परवानगी घ्या. बहुतेक जण आनंदाने दाखवतात. जे टाळतात, त्याचीही नोंद घ्या.

रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये पहिल्यांदा बाटल्यांची लेबलं वाचा. द्रावणाचं नाव, तीव्रता आणि तयार केल्याची तारीख लिहिलेली असावी. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहतं, म्हणून ते ताजं करून वेळोवेळी प्रमाणित करावं लागतं. लेबलवर तारीखच नसेल, तर टायट्रेशनची उत्तरं बाटलीतून येत नाहीत, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून येतात. ब्युरेटचे कॉक गळतात का, फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट) चालू आहे की त्यात जुनी काचसामग्री रचून ठेवली आहे, डिजिटल तराजू किती आणि त्यांच्यासमोर रांग लागते का, हे दहा मिनिटांत दिसतं.

भौतिकशास्त्रात प्रयोगाच्या साहित्याचे सेट मोजा. २० जणांच्या बॅचला जोडीजोडीने काम करायचं तर दहा सेट लागतात. सहसा प्रयोग फिरते ठेवतात, म्हणजे एका दिवशी दहा वेगवेगळे प्रयोग मांडलेले असतात आणि जोड्या दर आठवड्याला पुढे सरकतात. ही पद्धत चांगली आहे. एका सेटवर चौघे असतील, तर दोघे हाताळतात, एक लिहितो आणि चौथा फक्त उभा असतो. स्पेक्ट्रोमीटरच्या अंधाऱ्या खोलीत सोडियमचे दिवे किती आणि त्यांतले पेटतात किती, हेही विचारा.

जीवशास्त्राच्या विषयांत सूक्ष्मदर्शकातून स्वतः बघा. कोकणासारख्या दमट भागात भिंगांवर बुरशी चढते आणि नजरेसमोर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. असा सूक्ष्मदर्शक मोजणीत असतो, उपयोगात नसतो. सूक्ष्मजीवशास्त्रात ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र), लॅमिनार एअरफ्लो (गाळलेल्या हवेचं काम करायचं टेबल) आणि इनक्युबेटर लागतातच. ऑटोक्लेव्ह १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं चालवायचा असतो. तो विद्यार्थी स्वतः लावतात की परिचर लावून ठेवतो, हे विचारलं की शिकवण्याची पद्धत कळते. वीज जाणाऱ्या गावात इनक्युबेटर आणि फ्रीज इन्व्हर्टरवर आहेत का? नसतील तर कल्चर मरतात आणि आठवड्याचं काम वाया जातं. प्राणिशास्त्रात विच्छेदन दिसलं नाही म्हणून लॅब कमी समजू नका. यूजीसीनेच ते बंद केलं आहे आणि त्या जागी प्रतिकृती, स्लाइड आणि संगणकावरचं काम आलं आहे.

महागड्या यंत्रांशेजारी एक लॉगबुक टांगलेलं असतं. स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या लॉगबुकात शेवटची नोंद कधीची आणि कुणाची, ते बघा. नोंदी नुसत्या तपासणी समितीच्या भेटीच्या आसपासच्या असतील, तर यंत्र शोभेचं आहे.

आणि जमलं तर एकाच बॅचमधल्या तीन-चार मुलांची जर्नलं मागून तोच प्रयोग उघडा. टायट्रेशनच्या तक्त्यात सगळ्यांचं सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे ब्युरेटचं पुन्हा पुन्हा तेच येणारं वाचन) अगदी सारखं, दशांशासकट सारखं, आणि तिन्ही रीडिंगं पहिल्याच फटक्यात जुळलेली दिसली, तर तिथे प्रयोग होत नाही, लिखाण होतं. खऱ्या जर्नलात खाडाखोड असते, एखादं रीडिंग बाद केलेलं असतं. या एका तपासणीतून जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही. जर्नलला एवढं महत्त्व आणखी एका कारणाने: ते शिक्षकांनी प्रमाणित केल्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला सहसा बसू देत नाहीत, आणि ७५ टक्के हजेरीचा नियम लॅबमध्ये थिअरीपेक्षा कडक पाळतात.

नॅक आणि बाकीचे शिक्के

नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था. तिने दिलेली श्रेणी बघा, पण तिच्यावर भाळू नका. चारपैकी ३.५१ च्या वर ए डबल प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए, त्याखाली बी डबल प्लस, अशी उतरंड आहे. श्रेणी अख्ख्या कॉलेजला मिळते, त्यात इमारत, ग्रंथालय, क्रीडा, प्रशासन सगळं येतं. तुमच्या विभागाबद्दल ती काही सांगत नाही. साधारण पाच वर्षांची मुदत असते, म्हणून पाटीवरचं वर्ष वाचा. त्यापेक्षा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना किंवा विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची फिस्ट योजना त्या विभागाला मिळाली होती का, हे विचारा. हा पैसा मुख्यतः प्रयोगशाळेवर खर्च होतो. त्याच विभागात एम.एस्सी. किंवा पीएचडीचं संशोधन केंद्र असेल तर आणखी चांगलं, कारण यंत्रं, ग्रंथालय आणि माणसं तीच असतात.

चौथ्या वर्षाचं आत्ताच विचारून ठेवा. तीन वर्षांनी बी.एस्सी. घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स मिळते. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चार वर्षांनंतर एम.एस्सी. एका वर्षाची, तीन वर्षांनंतर दोन वर्षांची. छोट्या कॉलेजात चौथं वर्ष असेलच असं नाही. नसलं तरी बिघडत नाही. तीन वर्षं घराजवळ करून एम.एस्सी.ला विद्यापीठात जाणं हा जुना, चांगला रस्ता आहे.

तिसऱ्या वर्षात कार्यप्रशिक्षण (ऑन-जॉब ट्रेनिंग) येतं, तेव्हा घराजवळचा परिसरच उपयोगी पडतो. लोटे-परशुराम, महाड, तारापूर, कुरकुंभ इथल्या रासायनिक वसाहती, पश्चिम महाराष्ट्रातले साखर कारखाने आणि दूध संघ यांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी घेतात. मागच्या वर्षी मुलं नेमकी कुठे गेली होती, त्यांची नावानिशी यादी विभागाकडे असायला हवी.

पैशाचं

एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर दोन फी असतात. रसायनशास्त्राचं बी.एस्सी. अनुदानित आणि शेजारचं संगणकशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान विनाअनुदानित. फीचा फरक कित्येक पट. म्हणून "बी.एस्सी.ची फी किती" असं न विचारता कोर्सचं पूर्ण नाव सांगून, तिन्ही वर्षांची, प्रयोगशाळा शुल्क आणि अनामत धरून लेखी फी मागा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्याही कोर्स अनुदानित आहे की नाही यावरून बदलतात. हे ऑफिसात शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या लिपिकालाच विचारा, त्याला पाठ असतं.

घरून ये-जा करणाऱ्याला वसतिगृहाशी जोडलेल्या योजना मिळत नाहीत: डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि अनुसूचित जातींसाठीची स्वाधार योजना स्थानिक नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. पात्र असाल तर लांबच्या कॉलेजचा खर्च वाटतो तेवढा नसतो; दोन्ही हिशेब मांडून बघा. बारावीत बोर्डाच्या वरच्या एका टक्क्यात असाल तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे, पण ती मूलभूत विज्ञानाच्या विषयांना. संगणकशास्त्र घेतलं की ती गेली.

जवळचं सोडायचं कधी

भूशास्त्र, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स असे विषय मोजक्या कॉलेजांत चालतात. ते हवेच असतील तर अंतर विसरा. संशोधनातच जायचं पक्कं असेल, तर बारावीतच आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची अभिरुची चाचणी आणि भुवनेश्वरचं नायसर व मुंबईचं मूलभूत विज्ञान केंद्र यांच्यासाठीची नेस्ट परीक्षा द्या. पुण्याचं आयसर २००६ पासून आहे. पुणेकरांना ते घराजवळही आहे. या परीक्षा नाही जमल्या तरी दार बंद होत नाही: बी.एस्सी.नंतर जॅम ही सामायिक प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते. जॅमचे पेपर सातच विषयांचे असतात आणि फक्त इंग्रजीत. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांना स्वतंत्र पेपर नाही, ती मुलं बहुधा बायोटेक्नॉलॉजीचा देतात. घराजवळच्या कॉलेजात मराठीतून समजावून सांगतात, हा मोठा फायदा आहे; फक्त उत्तरं पहिल्या वर्षापासून इंग्रजीत लिहायची सवय ठेवा.

उलट, नीट किंवा सीईटी पुन्हा द्यायची म्हणून वर्षभरासाठी बी.एस्सी. घेत असाल, तर सगळ्यात जवळचं अनुदानित कॉलेज घ्या. पण हजेरी आणि जर्नल सांभाळा, नाहीतर परीक्षाही जाते आणि वर्षही.

प्रवेशाच्या दिवसांत

मुंबई विद्यापीठात कॉलेजचा अर्ज भरण्याआधी विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते. ती राहिली तर कॉलेज अर्ज घेत नाही. इतरत्र पद्धत वेगळी आहे, म्हणून निकालाच्या आदल्या आठवड्यातच विद्यापीठाचं आणि कॉलेजचं अशी दोन्ही संकेतस्थळं बघून ठेवा. किमान तीन कॉलेजांत अर्ज करा: एक जिथे मिळणं कठीण, एक बरोबरीचं, एक नक्की मिळणारं. बारावीला गणित सोडलं असेल तर भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्राच्या अटी अर्जाआधी वाचा.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अपार (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) किंवा एबीसी क्रमांक, आणि लागू असेल तसं जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, त्या वर्षी चालू असलेलं नॉन-क्रिमी लेअर, उत्पन्नाचा दाखला, खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, एवढी कागदपत्रं तयार ठेवा. सीबीएसईची मुलं मायग्रेशन विसरतात. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा होतो, म्हणून आधी त्याच्या पाच-सहा झेरॉक्स साक्षांकित करून ठेवा. गुणपत्रिका आणि बाकीची मूळ कागदपत्रं पडताळून लगेच परत द्यायची असतात. यूजीसीने ती अडकवून ठेवायला मनाई केली आहे.

दुसऱ्या यादीत हवं ते कॉलेज लागलं तर पहिला प्रवेश रद्द करताना अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केल्यास किरकोळ कपात करून पूर्ण फी परत मिळते, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८० टक्के, तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. यूजीसी काही वर्षी यात विद्यार्थ्यांच्या बाजूने सवलत देते, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक काढून अर्जाला जोडा. फी परत मागताना मूळ पावती लागते. ती पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.